हवा गाळायची तर तिला वाट हवी

चहाच्या गाळणीची छिद्रे बारीक असतात, म्हणून पूड वर राहते आणि चहा खाली उतरतो. खोलीतील हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातही एक गाळणी आणि एक पंखा, एवढेच मुख्य भाग असतात. मग गाळणी जितकी बारीक तितके यंत्र चांगले, असे म्हणावयास काय हरकत आहे? पुष्कळांची समजूत तशीच असते. पण हवेची गाळणी चहाच्या गाळणीसारखी काम करीतच नाही.

ही गाळणी म्हणजे बारीक तंतूंचे, कापसासारखे विस्कटलेले जाळे. तंतूंमधल्या फटी पुष्कळदा धूलिकणांपेक्षा मोठ्या असतात. तरीही कण अडकतात, ते कसे? हवा तंतूला वळसा घालून जाते. मोठा कण जड असल्याने त्याला ते वळण साधत नाही आणि तो तंतूवर आदळतो. अगदी लहान कणाला हवेचे रेणू सतत धक्के देत असतात. तो वेडावाकडा भटकता भटकता तंतूला चिकटतो. पंचाईत होते ती मधल्या कणांची, म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉन व्यासाच्या. (आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो.) आदळावयास ते हलके, भटकावयास जड! म्हणूनच गाळणीची परीक्षा याच कणांवर घेतात. ‘हेपा’ नावाची प्रसिद्ध गाळणी असे १०० पैकी ९९.९७ कण अडविते.

इतकी उत्तम गाळणी मिळते, तर प्रश्न उरला कोठे? तो उरतो हवेच्या वाटेत. तोंडाने एका शीतपेयाच्या नळीतून श्वास घेऊन पाहा. मग चार नळ्या एकत्र धरून तसेच करा. चार नळ्यांतून श्वास किती सहज येतो! दाट गाळणी ही पंख्यासाठी अरुंद नळीच आहे. साध्या पात्यांचा पंखा मोकळी हवा भरपूर ढकलतो, पण वाटेत अडथळा आला की लगेच थकतो.

आता थोडे गणित करू. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे; म्हणजे तिच्यात ३६ घनमीटर हवा आहे. समजा, पहिल्या यंत्राची गाळणी जवळजवळ सर्व कण अडविते, पण त्यातून ताशी १०० घनमीटरच हवा जाते. दुसऱ्याची गाळणी ८० टक्केच कण अडविते, पण हवा ताशी २०० घनमीटर जाते. पहिले ताशी १०० घनमीटर स्वच्छ हवा देते. दुसरे देते २०० च्या ८० टक्के, म्हणजे १६० घनमीटर. खोलीभर स्वच्छ हवा द्यावयास पहिल्याला सुमारे २२ मिनिटे लागतील, दुसऱ्याला साडेतेरा! यात चमत्कार काही नाही. खोलीतली हवा यंत्रातून पुन्हापुन्हा फिरते, त्यामुळे पहिल्या फेरीत निसटलेला कण पुढच्या फेरीत सापडतो. जी हवा यंत्रापर्यंत पोहोचलीच नाही, तिला मात्र उत्तम गाळणीचा काय उपयोग?

२०२० साली हा प्रश्न अतिशय निकडीचा झाला. करोनाची साथ चालू होती आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात वणव्यांचा धूर पसरला होता. तयार यंत्रे महाग होती. तेव्हा रिचर्ड कॉर्सी या अभियंत्याच्या कल्पनेवरून जिम रोझेन्थाल या गाळण्यांच्या व्यावसायिकाने एक खोके बनविले. त्यात सुमारे ५० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी गाळण्या भिंतींसारख्या उभ्या करून चिकटपट्टीने जोडल्या होत्या आणि माथ्यावर चौकटीतला साधा पंखा बसविला होता. पंखा आतली हवा वर फेकतो आणि बाहेरची हवा गाळण्यांतून आत येते. आपल्याकडच्या, विशेषतः विदर्भातल्या, कूलरची रचना आठवा. तीन बाजूंना ओल्या जाळ्या आणि चौथीकडे पंखा, हीच ती युक्ती!

या गाळण्या ‘हेपा’ नव्हत्या. ‘मर्व्ह-१३’ दर्जाची गाळणी ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान निम्मे आणि ३ ते १० मायक्रॉनचे निदान ९० टक्के कण अडविते. पण एका गाळणीचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर धरले, तर चार गाळण्यांचे एक चौरस मीटर होते. तितकीच हवा चौपट रुंद वाटेने जाते, म्हणून तिचा वेग पाव होतो आणि तंतूंचा विरोधही सुमारे पाव होतो. शिवाय गाळणीला चुण्या असतात, त्यामुळे कागद उलगडला तर तो आणखी कितीतरी मोठा भरतो.

या खोक्यातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे पुठ्ठ्याचे एक साधे झाकण. पाती गोल फिरतात, पण पंख्याची चौकट चौकोनी असते. त्यामुळे चार कोपऱ्यांतून हवा चोरवाटेने परत आत शिरते. मध्ये गोल भोक पाडलेला पुठ्ठा वर ठेवून कोपरे झाकले की बाहेर पडणारी हवा चांगलीच वाढते. गाळण्यांच्या सांध्यांचेही असेच आहे. दहावा हिस्सा हवा फटीतून आत येत असेल, तर ‘हेपा’ लावूनही दहावा हिस्सा हवा न गाळताच बाहेर पडेल. यंत्र भिंतीला चिकटवून ठेवले, तर एक बाजू वाया जाते. धूळ साचत जाते तसा विरोध वाढतो, म्हणून गाळणी वेळेवर बदलावी लागते. धूर किंवा धूळ अडली तरी कार्बन डायऑक्साइड वायू मात्र तंतूंतून सरळ निघून जातो. त्यासाठी खिडकीच उघडावी लागते.

यंत्राच्या वेष्टनावर छापलेला स्वच्छ हवेचा आकडा पाहताना पंख्याच्या आवाजाचाही विचार करा. हा आकडा सहसा पंखा सर्वांत वेगाने फिरत असतानाचा असतो. रात्री आवाज सहन होत नाही म्हणून घरचे लोक पंखा हळू करतात आणि हवा तिथेच कमी होते. म्हणून लहान यंत्र जोरात पळविण्यापेक्षा मोठ्या गाळणीचे यंत्र हळू चालविणे पुष्कळदा सोयीचे ठरते. ते जागा अधिक अडविते, एवढीच त्याची तक्रार.