खात्यात पैसे दिसतायत, मग हप्ता बाऊन्स कसा झाला? पेंडिंग व्यवहार आणि बँकेचे चार्जेस समजून घ्या

व्हिडिओमध्ये वेळ कमी असतो, म्हणून आकडे आणि नियम इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घ्या, कारण शेवटी गृहपाठ आहे.

नवीन दुकान, टिफिन सर्व्हिस, बुटीक, मोबाईल रिपेअरिंग, काहीही सुरू करा. पहिल्या वर्षात बँक स्टेटमेंटमध्ये एक ओळ हमखास येते: रिटर्न चार्जेस. आणि आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अहो, खात्यात पैसे होते की!" होते, पण वापरता येतील असे नव्हते. आजचा धडा या फरकाचाच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, "सर, डेबिट कार्डवर ओव्हरड्राफ्ट फी लागते का?" तिकडे खात्यात पैसे कमी असले तरी बँक कार्डचा व्यवहार होऊ देते आणि वर दणदणीत फी लावते. लोकांची इतकी ओरड झाली की २०१० पासून कार्ड आणि एटीएमच्या अशा व्यवहारांसाठी ग्राहकाची आधी संमती घ्यायचा नियम तिथे आला.

आपल्याकडे साध्या खात्यावर तसं होत नाही. पैसे नसतील तर कार्ड सरळ डिक्लाईन होतं. ओव्हरड्राफ्ट, म्हणजे आपल्या बोलीत ओडी, ही बँकेकडून मंजूर करून घ्यायची सोय आहे. पण म्हणून आपण सुटलो असं नाही. आपल्याकडे तोच मार वेगळ्या नावांनी बसतो:

१. हप्ता किंवा ऑटो डेबिट परत गेलं, तर नॅच रिटर्न चार्ज.
२. चेक परत गेला, तर चेक रिटर्न चार्ज.
३. बॅलन्स नसताना एटीएममधून पैसे काढायला गेलात, तर डिक्लाईन चार्ज. हा साधारण वीस-पंचवीस रुपये असतो.
४. मिनिमम बॅलन्स राखला नाही, तर त्याचा चार्ज. करंट अकाउंटला हा जास्त झोंबतो.

दोन बॅलन्स असतात, हे पाठ करा

एक असतो खात्यावरचा एकूण बॅलन्स. दुसरा असतो उपलब्ध बॅलन्स, इंग्रजीत ॲव्हेलेबल बॅलन्स. खर्च करता येतो तो फक्त दुसरा. या दोघांत फरक कशामुळे पडतो?

- भरलेला चेक अजून क्लिअर झालेला नाही.
- आयपीओला अर्ज केलाय. रक्कम खात्यातच दिसते, पण ब्लॉक असते.
- बँकेने लीन लावलंय. थकलेला चार्ज असेल किंवा सायबर फसवणुकीच्या तक्रारीतला पैसा तुमच्या क्यूआरवर आला असेल, तरी तेवढी रक्कम अडकते.

आणि एक फरक तर बँकेच्या ॲपमध्ये दिसतच नाही, तो म्हणजे दुकानातला गल्ला. साउंडबॉक्स बोलला "पाचशे रुपये प्राप्त हुए", म्हणजे ते तुमच्या करंट अकाउंटला आलेच असं नाही. पेमेंट कंपनीचा क्यूआर किंवा स्वाइप मशीन असेल, तर सेटलमेंट बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी होतं. शनिवार-रविवारी धंदा जोरात होतो, पण पैसा नेमका कधी खात्यात पडतो ते तुमच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये बघा.

एक हिशोब करून बघू

समजा, खांदा कॉलनीत एका ताईंचं फराळाचं दुकान आहे. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या बँकेचे वेगळे असतील.

४ तारखेला संध्याकाळी ॲपमध्ये एकूण बॅलन्स: १८,६०० रुपये.
त्यात क्लिअर न झालेला चेक: ६,००० रुपये.
म्हणजे उपलब्ध: १२,६०० रुपये.

ताईंनी १८,६०० बघितले आणि होलसेलवाल्याकडे डेबिट कार्डने ३,५०० चा माल घेतला. उरले ९,१००. पाच तारखेला सकाळी मशीनच्या कर्जाचा हप्ता आला ९,८०० रुपयांचा. फक्त ७०० कमी पडले. बँक हप्ता अर्धवट भरत नाही, अख्खा परत पाठवते.

आता खर्च बघा. स्वतःच्या बँकेचा रिटर्न चार्ज धरा ४५० आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा बाऊन्स चार्ज ५५०. सातशे रुपये कमी पडले म्हणून हजार रुपये गेले! कंपनीने तोच हप्ता दोन दिवसांनी पुन्हा टाकला आणि तेव्हाही बॅलन्स नसला, तर पुन्हा चार्ज लागतो. आणि तो सहा हजारांचा चेक? तो पाच तारखेला संध्याकाळी आरामात क्लिअर झाला. पैसा होता, फक्त वेळ चुकली.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. हप्ता थकलेला राहिला तर ते दिवस सिबिलमध्ये दिसतात. उद्या तुम्ही मुद्रा लोन किंवा सीसी लिमिटला गेलात, की बँक अधिकारी स्टेटमेंटमध्ये रिटर्न किती आहेत ते मोजतो. चेकच्या बाबतीत तर थेट कायदाच आहे. नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली चेक बाऊन्स हा गुन्हा आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर केस होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इलेक्ट्रॉनिक हप्त्यांसाठीही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्यात कलम २५ अशीच तरतूद करतं.

जुने अंदाज आता चालत नाहीत

"पाच तारखेला रविवार आहे, हप्ता सोमवारी कटेल." नाही! १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतं.

"चेक आज दिला तर दोन दिवसांनी लागेल, तोवर पैसे भरू." हेही विसरा. कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून आपल्या मार्केटमधल्या किराणा होलसेलपर्यंत हा खेळ वर्षानुवर्षं चालला. पण ४ ऑक्टोबर २०२५ पासून नवी पद्धत आली. सकाळी १० ते दुपारी ४ दरम्यान बँका चेक स्कॅन करून लगेच पुढे पाठवतात आणि समोरच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत उत्तर द्यावं लागतं. म्हणून चेक देताना पैसे खात्यात हवेतच.

पैसे कटले, पण पोचले नाहीत

आता दुसरी डोकेदुखी, पेंडिंग व्यवहार. इथे नियम तुमच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक लक्षात ठेवा. व्यवहाराची तारीख म्हणजे टी.

- यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवले, कटले पण जमा झाले नाहीत: टी+१ पर्यंत परत.
- यूपीआयने दुकानदाराला दिले, पण त्याच्याकडे कन्फर्मेशन आलं नाही: टी+५.
- स्वाइप मशीनवर कार्डचे पैसे कटले, स्लिप निघाली नाही: टी+५.
- एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पैसे मात्र कटले: टी+५.

मुदत उलटली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती तुम्ही मागण्याची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची असते. मिळाली नाही तर व्यवहाराचा नंबर टाकून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. फी नाही, वकील नको. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

दुकानदार म्हणून दोन गोष्टी पाळा. पेमेंट पेंडिंग दाखवत असेल तर गिऱ्हाईकाशी वाद घालू नका, पण नुसता स्क्रीनशॉट बघून मालही देऊ नका. स्वतःच्या ॲपमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये नोंद बघा. आणि सप्लायरला पाठवलेलं पेमेंट पेंडिंग असेल, तर घाईघाईत दुसऱ्यांदा पाठवू नका. पहिलं नंतर पोचलं, तर दोन्ही कटतात आणि बॅलन्स तिथेच आटतो.

सेव्हिंग खात्याचा एक हक्क

मिनिमम बॅलन्स कमी झाला तर बँकेने आधी कळवायचं, एक महिना मुदत द्यायची आणि जेवढी रक्कम कमी आहे त्या प्रमाणातच चार्ज लावायचा. या चार्जमुळे सेव्हिंग खातं मायनसमध्ये जाता कामा नये. हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. करंट अकाउंटला मात्र हे धरून चालू नका, खातं उघडतानाच चार्जेसचा तक्ता मागून घ्या.

मग उपाय काय?

१. हप्त्यांसाठी वेगळं खातं ठेवा. रोजच्या गल्ल्यातून थोडी रक्कम तिकडे टाका. ९,८०० चा हप्ता असेल तर २५ दिवस रोज ३९२ रुपये. त्या खात्याचं डेबिट कार्ड घरी ठेवा.

२. हप्त्याची तारीख धंद्याप्रमाणे मागून घ्या. तुमचं पेमेंट १० तारखेला येत असेल तर हप्ता ५ ला कशाला? कर्ज घेतानाच बोला.

३. एफडीवर ओडी काढून ठेवा. छोटी एफडी असली तरी बऱ्याच बँका देतात. व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं लागतं. ताईंचे ७०० रुपये तीन दिवस ९ टक्क्यांनी वापरले असते, तर व्याज साधारण ५२ पैसे झालं असतं. कुठे ५२ पैसे आणि कुठे हजार रुपये! फक्त ओडी म्हणजे कमाई नव्हे. माल भरायला, घरखर्चाला वापरलात तर तोच गळ्याला फास होतो.

४. जुने ऑटो-पे बंद करा. बिलिंग ॲप, ओटीटी, विम्याचं काहीतरी, सगळं बघा. कार्ड आणि यूपीआयच्या ऑटो-पेला पैसे कटण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो. तो वाचत जा.

आजचा गृहपाठ

मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा. चार्ज, रिटर्न आणि पेंडिंग अशा सगळ्या ओळींवर खूण करा आणि बेरीज मारा. मग एका कागदावर पुढच्या महिन्यात कटणारी प्रत्येक रक्कम तारखेसकट लिहा आणि तो कागद गल्ल्यावर चिकटवा. धंद्यात नफा वाढवायला वेळ लागतो, ही गळती मात्र या आठवड्यातच बंद करता येते.

भेटू पुढच्या व्हिडिओत.