हाडांची पुंजी

म्हातारपणीं मनुष्य वांकावयाचाच, असा पुष्कळांचा समज आहे. तो सर्वस्वीं खरा नव्हे. आपलीं हाडें साधारणतः वयाच्या ३० व्या वर्षापर्यंत भरत असतात. पुढें त्या पुंजींतून खर्चच अधिक होतो. म्हणून वार्धक्याची तरतूद विद्यार्थिदशेंतच केली पाहिजे. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तितक्याच तांदुळांत १० च्या आसपास. तरी नाचणीची भाकरी पाहून आपण नाक मुरडतों! दूध, सूर्यप्रकाश, धांवणें, उड्या मारणें यांनीं हाडें बळावतात. तंबाखूनें तीं ठिसूळ होतात. आईबापांनींहि नित्य चालावें. उरलेली पुंजी त्यानें राखली जाते. विद्यार्थिमित्रहो, आजोबांची काठी पुढें आपल्या हातीं लवकर यावी कीं उशिरां, हें आजच्या ताटावर व क्रीडांगणावर पुष्कळसें अवलंबून आहे.