टाकळा आणि कासविंदा : भेद कसा ओळखावा

मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की गावाबाहेरील पडीक जागा, रस्त्यांच्या कडा आणि शेतांचे बांध टाकळ्याच्या रोपांनी हिरवे होतात. पावसाळ्यातील अगदी पहिल्या रानभाज्यांपैकी ही एक होय. विदर्भात हिला तरोटा म्हणतात. इतक्या परिचित वनस्पतीवर पाठ लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. प्रयोजन असे की, टाकळ्याचा एक भाऊबंद त्याच जागी, त्याच सुमारास उगवतो. त्याचे नाव कासविंदा. पुष्कळ ठिकाणी त्याला रानटाकळा असेही म्हणतात, आणि घोटाळ्याचे अर्धे मूळ या नावातच आहे.

हा घोटाळा किती महागात पडू शकतो याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. पश्चिम उत्तर प्रदेशातील बिजनोरच्या परिसरात कित्येक वर्षे पावसाळा सरताना व हिवाळ्याच्या आरंभी लहान मुले एकाएकी आजारी पडत. उलट्या होत, मूल चिडचिडे होई, मग शुद्ध हरपे, आणि त्यांतील पुष्कळशी मुले दगावत. हा मेंदूज्वर असावा असाच समज होता. डॉक्टरांनी बारकाईने चौकशी केली तेव्हा या मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतील बी खाल्ल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाला. या बियांतील विषाने यकृत, स्नायू व मेंदू या तिन्हींस इजा होते. त्यावर हमखास उतारा नाही. जनावरांच्या खाद्यात हे बी गेल्यास त्यांचेही स्नायू निकामी होतात.

आता ओळखीकडे वळू. प्रथम ज्या खुणांवर लोक सहसा विसंबतात, पण ज्या उपयोगाच्या नाहीत, त्या बाजूस काढलेल्या बऱ्या. फूल पिवळे असणे ही खूण नव्हे. दोघांचीही फुले पिवळीच असतात. सायंकाळी पाने मिटणे हीही खूण नव्हे. पान चुरडल्यावर येणाऱ्या उग्र वासाचेही तेच. कासविंद्याचा वास अधिक उग्र खरा, परंतु टाकळाही बिनवासाचा नाही, आणि ‘अधिक’ हे माप ज्याच्या त्याच्या नाकावर अवलंबून राहते.

खरी ओळख पानात आहे. दोन्ही वनस्पतींचे पान संयुक्त असते. म्हणजे एका मधल्या दांडीवर समोरासमोर छोट्या पर्णिकांच्या जोड्या असतात. पान कोणते आणि पर्णिका कोणती हे समजण्यास सोपा उपाय आहे. पानाच्या बेचक्यात, खोडाला चिकटून, डोळा असतो. पर्णिकेच्या बेचक्यात तो कधीच नसतो. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात व प्रत्येक पर्णिकेचे टोक गोलसर, रुंद असते. कासविंद्याच्या पानात जोड्या बहुधा चार-पाच असतात आणि पर्णिका टोकाकडे निमुळती होत अणकुचीदार बनते. मात्र भाजी खुडली जाते ती रोपे वीतभरही वाढलेली नसताना, आणि अशा कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानांत जोड्या कमी असू शकतात. म्हणून केवळ मोजणी करून निर्णय देऊ नये. पर्णिकेचे टोक पाहावे, आणि त्याहून खात्रीची खूण म्हणजे ग्रंथी पाहावी. टाकळ्याच्या दांडीवर, अगदी खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये, बारीक खिळ्यासारखी ग्रंथी उभी असते. कासविंद्यात तेथे काही नसते. त्याची ग्रंथी देठाच्या बुडाशी, खोडाजवळ, गोलसर गाठीसारखी दिसते. डोळ्यांना कष्ट पडत असतील तर साधे भिंग वापरावे.

शेंगा धरल्यावर शंका उरत नाही. टाकळ्याची शेंग काडीसारखी बारीक, वीतभर लांब व बाकदार असते आणि तिच्यातील बी तिरप्या चौकोनासारखे, चकचकीत असते. कासविंद्याची शेंग चपटी, सुमारे 10 ते 13 सेंटिमीटर लांब असून मध्ये तपकिरी व कडांना फिकट असते. तिच्यातील बी चपटे, गोलसर व निस्तेज असते. येथे अनुभवी स्त्रियांची एक युक्ती सांगण्याजोगी आहे. त्या पाला खुडण्यापूर्वी गतवर्षीच्या वाळल्या काटक्या त्या जागी उभ्या आहेत काय ते पाहतात, कारण त्यांवर एखादी जुनी शेंग लटकलेली असतेच. प्रस्तुत लेखकास महाविद्यालयात या दोन्ही वनस्पती ‘तण’ या एकाच सदराखाली, वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांवरून शिकविल्या गेल्या. गतवर्षीची काटकी पाहावी हे तेथे कोणी सांगितले नव्हते.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी शिकण्यासाठी एकच बांध निवडावा व मृगापासून हस्तापर्यंत दर पंधरवड्यास तेथे जाऊन तीच दोन-तीन झाडे पाहावीत. दहा ठिकाणी एकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहादा जाण्याने अधिक कळते. रोपावस्थेतील, फुलावरील व शेंगेवरील असे तीन नमुने मुळासकट काढून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवावेत व कागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी येते. चिठ्ठीवर तारीख, जागा व गावातील नाव लिहावे. नाव जसे उच्चारले जाते तसेच लिहावे, सुधारून लिहू नये. एका गावचा तरोटा व दुसऱ्या गावचा तरवड या दोन निराळ्या वनस्पती आहेत, हे अशा चिठ्ठ्यांवरूनच ध्यानात येते. ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरतात, तेथे हे नमुने मांडण्यास हरकत नाही.

कासविंदा ओळखता येऊ लागला की शाळा, अंगणवाडी व वस्तीभोवतीची त्याची झाडे फुलावर येताच उपटावीत. शेंगा पिकल्यानंतर उपटल्यास बी तेथेच सांडते. एखाद्या मुलाने बी खाल्ल्याचा संशय आला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि त्या झाडाची शेंगेसह एक फांदी डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर घ्यावी.