स्वमग्न मुलांचे भय आणि उपचारकांची तयारी

अनेक घरांत 'हट्टीपणा' या नावाखाली झाकल्या जाणाऱ्या एका दुःखाकडे आम्ही या स्मरणिकेतून आपले लक्ष वेधू इच्छितो.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, या अवस्थेचे वर्णन डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातही तिचा समावेश आहे. अशा मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना चिंतेचा विकारही असतो, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात आढळले. निपाणीच्या स्टँडवर भोंगा वाजताच कान झाकून खाली बसणारा मुलगा हट्टी नसून भ्यालेला असू शकतो; मात्र ते भय शब्दांत सांगणे त्याला साधत नाही.

विचार व वर्तन यांना वळण लावणारी उपचारपद्धती चिंतेवर गुणकारी ठरली आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या डॉ. ज्यूडी रीव्हन व सहकाऱ्यांनी ८ ते १४ वर्षांच्या स्वमग्न मुलांसाठी ती बदलून घेतली. तीत चित्रे, ठरलेले वेळापत्रक व मुलाची आवड यांचा आधार घेतात. आईवडीलही वर्गात बसतात. भयाच्या पायऱ्या पाडतात: प्रथम बसचे चित्र, मग दुरून स्टँड, मग उभ्या बसमध्ये दोन मिनिटे, शेवटी एका थांब्याचा प्रवास. एक पायरी पचल्याखेरीज दुसरी नाही.

हे काम नुसते पुस्तक वाचून जमत नाही. स्वमग्नता जाणणाऱ्यास चिंतेचा उपचार ठाऊक नसतो, तर चिंतेवर उपचार करणारा स्वमग्न मुलापुढे अडखळतो. म्हणून उपचारकाने आधी पद्धत शिकावी, जाणत्याचे काम पाहावे, मग त्याच्या देखरेखीखाली स्वतः वर्ग चालवावा व चुका सुधारून घ्याव्यात.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. मूल घरी मराठी बोलते, बाहेर कन्नड ऐकते आणि दवाखान्यातील प्रश्नावली बहुधा इंग्रजी असते. 'चिंता वाटते का?' यास उत्तर न देणारे मूल 'पोटात गोळा येतो का?' म्हटल्यावर मान हलवील. उपचारकाने हे घरचे शब्द शिकलेच पाहिजेत.

धारवाडची मानसिक आरोग्य संस्था व बेंगळुरूचे निम्हान्स आपल्याच राज्यात आहेत. इमारतीसाठी आपण सढळ हाताने देतो; तसेच एखाद्या होतकरू कार्यकर्त्याच्या अशा शिक्षणासाठीही द्यावे. तोवर पालकांनी एक वही ठेवावी: मूल केव्हा, कोठे, कशाने घाबरले आणि कशाने शांत झाले. उपचारकास तिचा मोठा उपयोग होईल.