पिलांना पाजायची लस

मागच्या पावसाळ्यात आमच्या कोंबडीची सात पिले मेली. पंख पाडून बसायची आणि रक्ताची हगवण करायची. आई म्हणाली, मानमोडी आली. पण गुरांचे डॉक्टर म्हणाले, मानमोडी नव्हे, ही रक्ती हगवण. तिचे जंतू जंतापेक्षाही बारीक. ते आतड्यात वाढतात व विष्ठेतून बाहेर पडतात. ओलीत तयार होऊन दाण्याबरोबर परत पोटात जातात.

या रोगाची लस टोचत नाहीत. पाण्यातून पाजतात किंवा दाण्यावर शिंपडतात. गंमत म्हणजे तिच्यात तेच जंतू जिवंत असतात, पण थोडेसेच. पिलाचे शरीर त्यांना ओळखायला शिकते. अशी लस अमेरिकेत १९५२ साली निघाली.

मी विचारले, "आपण शेळीला पाजतो तीपण लसच ना?" डॉक्टर हसले. म्हणाले, "नाही रे, ते जंताचे औषध. ते आजचे जंत मारते, उद्याचे नाही."

लसीची बाटली हजार पिलांना पुरेल एवढी येते. आमच्या कोंबडीखाली तर अकराच अंडी आहेत! म्हणून आईने आणि मी खुराड्यातली ओली घाण काढली, कोरडा भुसा टाकला. पाण्याचे भांडे विटेवर ठेवले आहे. पिले येत्या सोमवारी निघतील.