चांदोरचा ब्रागांझा वाडा

१९८२ सालीं गडचिरोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत आपलें वडसा चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. त्यामुळें चंद्रपूर हें नांव आपल्या घरोघरीं परिचयाचें आहे. याच नांवाची एक प्राचीन राजधानी गोमंतकांतही होती. भोज व पुढें कदंब राजांची ती नगरी म्हणजे सासष्टी तालुक्यांतील आजचें चांदोर होय. तेथें ब्रागांझा घराण्याचा विस्तीर्ण वाडा असून, त्याचे दोन भाग घराण्याच्या दोन शाखांनीं जतन करून प्रवाशांस पाहण्यास खुले ठेविले आहेत.

गोमंतकांतील अशा जुन्या घरांत प्रथम खिडक्यांकडे पाहावें. कांच दुर्मिळ होती त्या काळीं कारागीर समुद्रांतील चपटे, पातळ शिंपले कापून लांकडी चौकटींत बसवीत. त्यांतून उजेड येई, परंतु उन्हाचा ताप जाणवत नसे. स्पेनच्या अमलाखालीं राहिलेल्या फिलिपाईन्स बेटांतही हीच युक्ति प्रचारांत होती. तेथील विगान शहरांत अशीं वडिलोपार्जित घरें आजही उभीं असून, १९९९ सालीं त्या शहराची जागतिक वारशांत गणना झाली.

चांदोरच्या वाड्यांत नृत्याचें दालन आहे, झुंबरें आहेत, चिनी मातीचीं भांडीं आहेत. परंतु त्याचें खरें भूषण म्हणजे सुमारें ५,००० ग्रंथांचा संग्रह. तो लुईस द मिनेझेस ब्रागांझा (१८७८–१९३८) या पत्रकाराच्या नांवाशीं निगडित आहे. त्यांनीं १९३० सालीं पोर्तुगालच्या वसाहत-कायद्याविरुद्ध सरकारी कौन्सिलांत गोमंतकाच्या स्वयंनिर्णयाचा हक्क निर्भयपणें मांडला. परकीय सत्तेच्या काळीं वैभवास चढलेल्या घरांतूनच त्या सत्तेस प्रश्न विचारला गेला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां एक प्रश्न आपणही विचारूं. हें वैभव कोणाच्या श्रमांवर उभें होतें? अशा घराण्यांचें उत्पन्न मुख्यत्वें शेतांच्या खंडावर चाले. गोमंतक १९६१ सालीं मुक्त झाला. पुढें कुळकायदा आला व १९७६ च्या दुरुस्तीनें कसणाऱ्या कुळांस जमिनीचा मालकीहक्क मिळाला. हें न्याय्यच झालें. मात्र खंड थांबल्यावर कौलें बदलण्यास व वाळवीपासून लांकूड राखण्यास पैसा कोठून आणावा, ही चिंता वारसांपुढें उभी राहिली. आज पाहुण्यांनीं दिलेल्या देणगीचा त्यांस मोठा आधार आहे.

म्हणून जुनें घर पाहतांना मालकाच्या तसबिरीपुढें जसे आपण थांबतों, तसेंच ज्यांची तसबीर कोणीं काढली नाहीं अशा सुताराचें, स्वयंपाकिणीचें व कुळाचेंही स्मरण करावें. आपल्या धानाच्या मुलुखांत वाडे थोडे. परंतु जातें, मुसळ, कणगी अनेक घरीं कोपऱ्यांत पडून आहेत. मुलांनीं आजीजवळ बसून तीं कोणीं घडविलीं, कोणीं वापरलीं, हें वहींत लिहून घ्यावें. आणि पालकांनीं ती वही घरच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावी. वस्तु मोडली तरी सांगणाऱ्याचे शब्द उरतील. सांगणारें माणूस गेल्यावर मात्र वस्तु मुकी होते.