किल्ली कोणाच्या हाती?

(तरुण संघासाठी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी पाठ)

शास्त्रपाठ : निर्गम 9:18-21, उत्पत्ति 41:33-49, प्रेषितांची कृत्ये 11:27-30



मे महिना संपत आला की आपल्या मंडळ्यांत पावसासाठी प्रार्थना होतात, आणि जुलै-ऑगस्टात तो पाऊस आवरावा म्हणून होतात. दोन्ही प्रार्थना योग्यच आहेत. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये जे सहा-आठ आठवडे आपल्या हाती असतात त्यांत आपण काय करतो, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे. मी स्वतः त्या परीक्षेत नापास झालेला मनुष्य आहे. ते पुढे सांगतोच.

निर्गमाच्या नवव्या अध्यायातील गारांची हकिकत आपण मुलांना दहा पीडांच्या यादीत भराभर सांगून पुढे जातो. त्या घाईत एक गोष्ट निसटते. ह्या पीडेच्या आधी एक दिवसाची मुदत दिली होती. उद्या ह्याच सुमारास गारा पडतील, तेव्हा गुरेढोरे व माणसे रानातून घरी आणा, अशी स्पष्ट सूचना होती आणि ती मिसऱ्यांसाठी होती. फारोच्या सेवकांपैकी काहींनी ती मनावर घेतली व आपली जनावरे आणि चाकरमाणसे निवाऱ्यास आणली. काहींनी घेतली नाही. सूचना सर्वांच्या कानी सारखीच पडली होती. शिक्षकांनी वर्गात येथे थांबावे आणि मुलांना विचारावे : रानातल्या चाकरांपर्यंत ती सूचना कोण घेऊन गेला असेल? बहुधा घरातले एखादे धावू शकणारे पोर.

आता आपल्या मुलखाकडे वळू. निपाणी तालुक्यातील नदीकाठच्या लोकांना पूर नवा नाही. 2005, 2019 आणि 2021 ही साले तेथे लग्नकार्याच्या सालांसारखी लक्षात ठेवतात. वेदगंगेवर वर भुदरगड तालुक्यात पाटगावचे धरण आहे, दूधगंगेवर राधानगरी तालुक्यात काळम्मावाडीचे. दोन्ही महाराष्ट्रात. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, तो नद्या भरतो, आणि आमच्या अंगणात ऊन पडलेले असतानाही पाणी चढू लागते. दुसरी गोष्ट अशी की ह्या दोन नद्या एकत्र होऊन कृष्णेला मिळतात. त्याआधीच कोयना व पंचगंगा आपले पाणी कृष्णेत ओतून चुकलेल्या असतात. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचे पाणी पुढे सरकत नाही. ते तुंबते व खालच्या अंगाने गावाकडे मागे फुगत येते. म्हणून पुष्कळांची फसगत होते. ते वरच्या बाजूला डोळे लावून बसतात आणि पाणी मागल्या दाराने येते.

शिवाय घर बुडण्याच्या पुष्कळ आधी वाट बुडते. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बुटके असतात. एरवी माणसे, सायकली, बैलगाड्या त्यांवरूनच जातात. पहिला तोच पाण्याखाली जातो. म्हणजे उंबऱ्याला पाणी लागल्यावर निघू, असे म्हणणाऱ्या कुटुंबाला निघायला रस्ताच उरत नाही. आमच्या तरुण संघाने पुढे ठरवलेला पहिला नियम ह्यातूनच आला : घराकडे पाहू नका, बंधाऱ्याकडे पाहा.

ऑगस्ट 2019 मध्ये पाण्याने कहर केला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट धरतात. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेले. सांगली बुडाली, शिरोळ बुडाले, आमच्या बाजूला यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गावर वेदगंगेचे पाणी येऊन वाहतूक बंद पडली. मी उद्यमबागेत एका यंत्रशाळेत काम करतो, आणि महिन्यातून दोन रविवार वेदगंगेच्या पलीकडील एका लहान मंडळीत उपदेशास जातो. पाणी ओसरताच आम्ही बेळगावहून टेम्पो भरून नेला : चादरी, तांदूळ, बिस्किटे, मेणबत्त्या. तरुण मुलामुलींनी मनापासून वाटप केले. फोटो निघाले. (फोटो फार निघाले, हे येथेच म्हणून टाकतो.)

तेथे विड्या वळून पोट भरणारी एक वृद्ध विधवा भगिनी होती. तिची घरी आणलेली पाने व तंबाखू भिजून गेली होती, रेशनकार्ड गेले होते, आणि दोन शेळ्या. चादर हातात घेऊन ती एका मुलाला म्हणाली, “बाळ, आज आलास, बरं झालं. पण परवा रात्री कुठं होतास रं?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्या मुलाने मला परतीच्या वाटेवर हेच विचारले, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या प्रश्नातून पुढचे काम निघाले. 2021 च्या जानेवारीत तरुण संघाने मंदिराच्या फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढला. नदी, बंधारा, शाळा, उंचावरचे मंदिर, प्रत्येक गल्ली. मग शब्बाथ शाळेच्या मुलांना सांगितले, आपापल्या शेजारच्या घरात ज्याला स्वतः चालता येत नाही त्याच्यासाठी एक खडा ठेवा. मोठ्यांना जे ठाऊक नव्हते ते मुलांना ठाऊक होते. कोणाची आजी महिन्याभरापासून अंथरुणाला खिळली आहे, कोणाची वहिनी पावसाळ्यात बाळंत होणार आहे, कोणाला रात्री दिसत नाही. आणि खडे केवळ आपल्या मंडळीच्या घरांवर पडले नाहीत. मुलांनी मराठा गल्लीत ठेवले, मुसलमान वस्तीत ठेवले, कारण शेजार तसाच आहे. एका वडिलांनी विचारले, आपल्या लोकांची वेगळी यादी नको का? एक लहान मुलगी म्हणाली, “पाणी वेगळं येतंय व्हय?” तो विषय तेथेच मिटला.

एप्रिल-मेमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे घरोघर जाणे बंद झाले. तेव्हा मुलींनी फोन करून यादी पुरी केली. प्रत्येक नावापुढे दोन तरुणांची नावे, त्या माणसाचे औषध कोणते, आणि जनावरे किती. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. शहरातील लोकांना वाटते की माणसे हट्टाने घर सोडत नाहीत. बहुतेक वेळा ती म्हशीसाठी मागे राहतात. म्हैस आधी उंचावर नेली तर मालक आपोआप मागे येतो. निर्गमात जनावरांचा उल्लेख माणसांच्या आधी का येतो, ह्यावर मी पंडिती भाष्य करणार नाही. पण खेड्यातल्या मनुष्याला तो क्रम लगेच पटतो.

आणखी एक अडचण खास आमच्या सीमाभागाची आहे. धरणे महाराष्ट्रात, गावे कर्नाटकात. विसर्गाचे आकडे कोल्हापूरच्या मराठी बातम्यांत येतात, आणि गाव सोडण्याची सूचना तहसीलदार कचेरीतून कानडीत येते. जुनी माणसे कानडी बोलतात, पण वाचता येतेच असे नाही. मुले शाळेत कानडी शिकलेली असतात. एका मुलाकडे एवढेच काम दिले : दोन्हीकडच्या सूचना वाचून सोप्या मराठीत फळ्यावर लिहायच्या, खाली वेळ घालायची, आणि ऐकीव गोष्ट लिहायची नाही. “धरण फुटले” अशी अफवा पाण्यापेक्षा वेगाने येते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक फळ्याच्या डोक्यावर कायमचा रंगवला.

आता माझी नापासाची हकिकत.

अर्पणातून व देणग्यांतून आम्ही एक लोखंडी पेटी भरली होती. दोर, बॅटऱ्या, शिट्ट्या, हातातला भोंगा, औषधे, कागदपत्रांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या. पेटी मंदिराच्या बाजूच्या खोलीत होती. किल्ली माझ्याजवळ होती, उद्यमबागेत, सुमारे 75 किलोमीटर दूर. कारण विचाराल तर मुले वस्तू हरवतील, बॅटऱ्या क्रिकेटच्या सामन्याला नेतील, असे मला वाटले. तरुणांचे काम, तरुणांचे पुढारीपण, असे मी व्यासपीठावरून बोलत होतो आणि किल्ली माझ्या खिशात होती.

जुलै 2021 च्या चौथ्या आठवड्यात पाऊस कोसळला. दुसरी पाळी संपवून मी रात्री घरी आलो तो फोन वाजला. तरुण संघाची चिटणीस बोलत होती. “काका, बंधारा गेला. किल्ली तुमच्याकडंच हाय न्हवं?” मी म्हटले, पहाटे निघतो. सकाळ झाली, आणि महामार्ग पुन्हा यमगर्णीला बंद पडला. मी पुलाच्या ह्या बाजूला, मंडळी त्या बाजूला. मी फोनवर तिला म्हणू लागलो की पाळकसाहेबांना विचार. ती म्हणाली, “काका, कुलूप मघाशीच फोडलं. तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं होतं.”

त्या रात्री त्यांनी यादीतले प्रत्येक घर गाठले होते. विड्या वळणारी ती वृद्ध बाई भोंग्याचा आवाज ऐकून पिशवी काखेत मारून तयारच बसली होती.

गोष्ट येथे संपती तर बरे झाले असते. पाणी ओसरल्यावर कमिटीत प्रश्न निघाला की मंदिराच्या मालमत्तेचे कुलूप कोणाच्या परवानगीने फोडले. ती मुलगी उभी होती, मान खाली घालून. मी काही क्षण गप्प बसलो. ते क्षण मला आजही टोचतात. मग उठून सांगितले की चूक किल्ली दूर ठेवणाऱ्याची आहे, कुलपाचे पैसे मी देतो. सभा पुढे गेली, पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की मी उठायला उशीर केला.

योसेफाची हकिकत मी त्यानंतर नव्याने वाचली. सात वर्षांचे पीक, पाचवा हिस्सा, नगरोनगरीची कोठारे, हे आपण शिकवतो. योसेफ तेव्हा तीस वर्षांचा होता, परका होता, नुकताच तुरुंगातून आला होता. फारोने त्याचा सल्ला ऐकून त्याला शाबासकी देऊन परत पाठवले असते तर कोठारे रिकामीच राहिली असती. त्याने बोटातील मुद्रिका काढून त्याच्या हाती घातली. मुद्रिका म्हणजे सहीचा अधिकार. आमच्या कमित्या तरुणांना सल्लागार मंडळे देतात, बिल्ले देतात, टोप्या देतात. मुद्रिका देताना आपला हात आखडतो, आणि माझाही आखडला.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तरुण वाचक हा लेख कापून कमिटीपुढे नाचवतील. अधिकार म्हणजे वाटेल ते करणे नव्हे. आमच्या तरुण संघाचा एक नियम वडिलांनी घातला आहे आणि तो मोडण्याची मुभा चिटणिसांनाही नाही : वाहत्या पाण्यात कोणी उतरायचे नाही, आणि नाव आपण चालवायची नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे गच्च भरलेली नाव उलटून डझनाहून अधिक लोक दगावले. ती माणसे वाचवलीच जात होती. पोहता येणाऱ्या तरुणाला हा नियम भित्रेपणाचा वाटतो. त्याला समजावून सांगावे की त्याचे काम पाणी येण्यापूर्वीचे आहे. नंतरचे काम अग्निशामक दलाचे व राष्ट्रीय आपत्ती दलाचे. ज्यांना अधिक शिकावयाचे आहे त्यांनी शासनाच्या ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणाची जिल्हा कचेरीत चौकशी करावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ही योजना 2016 साली सुरू केली. पाणी ओसरल्यावरची कामे मात्र पुष्कळ असतात आणि त्यांना टाळ्या मिळत नाहीत : पाणी उकळून पिण्यास सांगणे, भिजल्या घरात वीज सुरू करण्यापूर्वी तारतंत्री बोलावणे, पंचनाम्याच्या वेळी निरक्षर शेजाऱ्याबरोबर उभे राहणे.

पैशाविषयी थोडकेच लिहितो. अंत्युखियाच्या मंडळीने दुष्काळाची पूर्वसूचना कळताच, प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे, वर्गणी ठरवली आणि ती बर्णबा व शौल अशा दोघांच्या हाती पाठवली. एकाच्या नव्हे. आमच्याकडेही हिशेबाची वही एक तरुण व एक वडील मिळून ठेवतात, आणि ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंदिराच्या दारात टेबलावर उघडी असते. ती चाळणारे थोडे, पण ती उघडी आहे हे सर्वांना माहीत आहे.

शिक्षकांनी हा पाठ एका रविवारी उरकू नये. पहिल्या रविवारी गारांची हकिकत व रांगोळीचा नकाशा घ्यावा. दुसऱ्या रविवारी खडे ठेवलेल्या घरांपैकी दोन घरी मुलांना नेऊन भेट करवावी. ज्या मंडळ्या नदीकाठी नाहीत त्यांनीही हा पाठ वगळू नये. आमच्या बेळगावात बळ्ळारी नाला भरला की शहापूर-वडगावच्या भातशेतीत पाणी उभे राहते, आणि प्रत्येक शहरात असा एखादा नाला असतो. मोठ्यांच्या वर्गात एकच प्रश्न चर्चेस ठेवावा : आपल्या मंडळीत तरुणांच्या नावावर चालणारे कोणते काम आहे, ज्याची किल्ली वास्तविक आपल्या खिशात आहे?

आमच्या पेटीच्या आता तीन किल्ल्या आहेत. एक चिटणिसाकडे, एक मंदिराशेजारच्या घरी, एक बंधाऱ्याजवळ राहणाऱ्या त्या तरुणाकडे, ज्याला 2019 मध्ये तो प्रश्न विचारला गेला होता. माझ्याकडे नाही. मेच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर पेटी सर्वांसमोर उघडतात, बॅटऱ्यांचे मसाले बदलतात आणि यादी मोठ्याने वाचतात. गेल्या खेपेला तीन नावे खोडावी लागली, पाच नवी घातली. त्यांपैकी एक नाव माझ्या सासूबाईंचे होते. त्या आता तेथेच राहावयास गेल्या आहेत, आणि त्यांच्या नावापुढे कोणती दोन मुले लिहिली आहेत हे मी दोनदा वाचून पाहिले.